गुडघाभर पाण्यातली विमला

विमला पिलणकर त्या होडीत आयुष्यात कधी बसली नव्हती, आणि तिच्याशिवाय ती होडी जागची हलत नव्हती. परक्या माणसाला वाटावं, काय बाईचा मान! मान कसला डोंबलाचा. भरती आली की साडी गुडघ्याच्या वर खोचायची, खाडीच्या पाण्यात उतरायचं, होडीच्या मागच्या फळीला लावलेल्या मशीनशेजारी पाय रोवून उभं राहायचं आणि दोरी ओढायची. मशीन लागलं की बाजूला व्हायचं. नवरा, भास्कर, होडी घेऊन खाडीच्या मुखाकडे निघून जायचा आणि ही ओली साडी पिळत घरी. सहा वर्षं ती हा मान भोगत होती.

होडीत न बसण्याचा नियम सासूबाईंनी घालून दिलेला. पिलणकरांच्या होडीला बाईचा पाय लागत नाही. सासूबाई जाऊन जमाना झाला, नियम मात्र घरात राहिला. बाईने जाळी शिवलेली चालतात, मासे निवडलेले चालतात, आणि आता तर मशीनसुद्धा बाईनेच चालू केलेलं चालतं. फक्त पाय नको. हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते विमलाने कधी विचारलं नाही. तिला होडीत बसायची हौसही नव्हती. ती अलोऱ्याची, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली. वडील तिथल्या वर्कशॉपात होते. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन इकडे येताना, आणि तेव्हाच तिला तो जरा जास्तच मोठा वाटला होता.

आरे-वाऱ्याच्या अलीकडे जी खाडी लागते, तिच्या एका काठाला पिलणकरांची वाडी. पलीकडच्या काठाला डांबरी रस्ता, एसटी, पर्यटकांच्या गाड्या, शहाळ्यांची टपरी. अलीकडे नुसते माड, कांदळवन आणि घरं. घरांतली निम्मीअधिक कुलुपात. पोरं मुंबईला, पोरांमागून आया मुंबईला, आणि आयांमागून कधीतरी कुरकुरत बापसुद्धा. गणपतीत कुलुपं उघडायची, दिवे लागायचे, आणि विसर्जन झालं की वाडी पुन्हा मुकी. बांधावरून चालत वळसा घालून रस्त्याला लागायचं तर तासभर मोडायचा. म्हणून वाडीतून कोणी उठूनसुटून बाहेर जात नसे.

मशीन आठ हॉर्सपॉवरचं, भास्करच्या वडिलांनी कोणाकडून तरी जुनं घेतलेलं. त्याला बटण नाही, चावी नाही. डोक्यावर एक गोल टोपण, टोपणाच्या आत पुली, पुलीला गुंडाळलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला मूठ. मूठ धरून झटका द्यायचा, की आतलं चाक फिरतं, मशीन पेट घेतं, आणि टोपणातली स्प्रिंग दोरी परत गुंडाळून घेते. सांगायला इतकं सोपं. पण सहा वर्षांपूर्वी एका सकाळी भास्करने झटका दिला आणि मशीनने उलट मारली. चाक उलटं फिरलं, दोरीने त्याचा हात मुठीसकट असा खेचला की उजवा खांदा निखळला. रत्नागिरीला नेऊन खांदा बसवून आणला, गळ्यात झोळी आली, यथावकाश सुटली, पण हात काही कमरेच्या वर जाईना. जाळं ओढायला तेवढा पुरतो. होडी वळवायची तर ती डाव्या हाताने वळते. दोरीला मात्र हात पार कानामागे जावा लागतो. तेव्हा खांदा बरा होईपर्यंत म्हणून विमला पाण्यात उतरली.

खांदा बरा झालाच नाही. ती त्याला शर्टसुद्धा घालायची. आधी उजवी बाही अलगद चढवायची, मग पाठीमागून डावी. तो लहान मुलासारखा उभा राहायचा आणि "हळू गो, हळू" म्हणायचा. फळीवरचा डबा तीच काढून द्यायची, माळ्यावरची जाळी तीच उतरवायची. बोलायची खूप, नाही असं नाही. तोंडाने ती कोणाला हार जाणारी नव्हती. पण बोलत बोलत सगळं करायची, आणि अशा बाईचं बोलणं कोण मनावर घेतो?

दोरी ओढायची कशी, हे भास्करने तिला असं शिकवलं की मास्तरांनी पाढे शिकवावेत. आधी हळू ओढून आतला दात चाकाला लागू द्यायचा. मग झटका. आणि सगळ्यात मोठा नियम, "मशीन खोकललं की सोडायचं नाय. लगेच दुसरा ओढा द्यायचा. थांबलीस की प्लग भिजलाच म्हनून समज." मशीन खोकललं आणि विमला पदर सारखा करायला जरी थांबली, तरी हा होडीत बसल्या बसल्या असा कळवळायचा की बघणाऱ्याला वाटावं, प्लग याच्या पोटात आहे.

आता कोणालाही सुचेल तो प्रश्न शेजारच्या गोदूबाईलाही सुचला होता. गोदूबाई सत्तरीची, तिच्या जिभेला हाड नाही. तिने एकदा दोन अंगणांमधल्या गडग्यावरून विचारलं होतं, "अगो विमल, जाताना तू ओढतंस. मग येताना कोन ओढतो? मासे?"

"बंदच करत नायत ते. न्यूट्रलला ठेवतात," विमला म्हणाली होती. भास्करने तिला तसंच सांगितलं होतं. आणि कधी बंद पडलंच तर आजूबाजूला दुसऱ्या होड्या असतात, कोणी तरी ओढून देतो. गोदूबाईने ओठ मुडपले आणि विषय तिथेच राहिला. ज्या गोष्टीवर रोजचा दिवस उभा असतो तिला माणूस सहसा खणून बघत नाही.

एका दोरीने बाई किती बांधली जावी? भरती रोज थोडी पुढे सरकते, तसं विमलाचं सगळं तिच्यामागून सरकायचं. भात शिजवायचा तो भरती बघून. देवळात हळदीकुंकवाला गेली तर घड्याळ बघत. भाचीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता निघाली, कारण दुसऱ्या दिवशीची भरती उजाडताच होती. एक रात्र, फार तर एक रात्र ती वाडीबाहेर राहू शकायची. गोठ्यातल्या गाईलासुद्धा याहून लांब दावं असतं, असं ती एकदा भास्करला म्हणाली होती. तो हसला होता. मग तीही हसली होती, पण तिला हसू आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी अलोऱ्याला तिची आई आजारी पडली. जायच्याच वाटेवर होती. विमला धावत गेली, रात्रभर उशाशी बसली. पहाटे आईने तिचं बोट धरलं आणि म्हणाली, "आजच्या दिवस ऱ्हा." विमला म्हणाली, "भरती चुकंल गो. उद्या परत येत्ये." बोट सोडवून घेतलं आणि चिपळूणची एसटी पकडली. भास्कर बिचारा काठावर वाट बघत बसला असेल, हेच वाटेभर डोक्यात. तिने येऊन दोरी ओढली, होडी गेली, आणि साडी बदलायच्या आत फोन आला. त्यानंतर कित्येक दिवस दोरीची मूठ हातात घेतली की तिला ते बोट आठवायचं. पण हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? माणसाचा हात मोडलेला, त्याला काय दोष द्यायचा?

आणि आता दीपाली. त्यांची एकुलती एक, विरारला दिलेली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आपल्याकडची रीत. विमलाने ओव्याची, डिंकाची तयारी कधीच करून ठेवली होती. पण दीपालीला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायलाही बंदी केली. प्रवास नाहीच. सासू नाही, नवऱ्याची रात्रपाळी. दीपाली रोज फोन करायची. आधी म्हणायची, "आई, तू कधी येतेस?" मग म्हणायला लागली, "आई, तू येशील ना?" परवाच्या फोनवर तिने काही विचारलंच नाही, नुसती जेवणाखाण्याचं बोलली आणि ठेवला. ते विमलाला जास्त लागलं. आईच्या वेळी गेलं ते गेलं. लेकीच्या वेळी तरी नको. तिला जायचंच होतं, आणि काठावर बसलेल्या भास्करला सोडून कसं जायचं ते तिला कळत नव्हतं.

पौषातली थंडीची सकाळ होती. पाण्यात पाय घातल्याबरोबर पोटऱ्यांत कळ गेली. तिने मूठ धरली, दात लागू दिला, झटका दिला. आत कट्ट असं काहीतरी वाजलं. दोरी बाहेर आली ती आलीच. परत जाईना. मशीनच्या तोंडातून पाण्यापर्यंत नुसती लोंबत राहिली.

"स्प्रिंग गेली," भास्कर म्हणाला.

आणि विमलाच्या मनात आलं, सुटले. खरंच आलं. होडीच बंद, तर आता कोण कशाला अडवतंय? पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. होडी बंद म्हणजे चूल अर्धी बंद. ती मुकाट्याने लोंबती दोरी गोळा करू लागली.

शहरातल्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, असलं मशीन आता बघायला मिळत नाही, त्याचे पार्ट कुठून आणू, भंगारात घाला. भास्करला ते इतकं लागलं की त्याने निरोपाचा शब्द न बोलता फोन ठेवला. मशीन खांद्यावर घेऊन विमला घरी आली, माडाच्या दोन खुंटांमध्ये ठोकलेल्या आडव्या फळीला अडकवलं, आणि दोघं त्याच्यासमोर बसली.

"आपनच उघडू," भास्कर म्हणाला. "तुजे हात, माजी अक्कल."

"अक्कल राहू दे तुमच्याजवळ," विमला म्हणाली. "मी उघडत्ये. पन एक सांगून ठेवत्ये. ही दोरी इतकी हलकी करायची की तुमी डाव्या हातानं ओढाल. आनी डाव्या हातानं लागली की मी विरारला जात्ये. बाळंतीण उठंपर्यंत येनार नाय."

भास्करने मशीनकडे बघितलं. मग माडाकडे बघितलं. "बघू," तो म्हणाला.

"बघू नाय. हो म्हना."

"हो गो बाये, हो."

टोपणाचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले. तिने त्यांच्यावर रॉकेल सोडलं, थोडा दम घेतला, मग एकेक करून सोडवले. टोपण उलटं करून मांडीवर घेतलं. मधला स्क्रू काढायच्या आधी भास्करने तिच्याकडून टोपणावर गोणपाट टाकून घेतलं, कारण आत दाबून बसवलेली स्प्रिंग उसळली तर डोळा फोडते. पुली हळूहळू उचलली, आणि आतलं दृश्य बघून विमलाने कपाळाला हात लावला.

भास्कर हा जगातली प्रत्येक वस्तू घरच्या खोबरेलाने दुरुस्त करणारा माणूस. दाराची बिजागरी, अडकित्ता, स्वतःचे गुडघे, सगळ्याला घरचं खोबरेल. मशीनच्या स्टार्टरमध्येही तो वर्षानुवर्षं तेच ओतत आला होता. थंडीत खोबरेल थिजतं हे पोरासोरांना ठाऊक असतं. इथे ते वाळू पकडून, थिजून, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत पिठल्यासारखं बसलं होतं. त्यात दोरी म्हणाल तर नांगराची. मजबूत असावी म्हणून त्याने घातलेली इतकी जाड, की पुलीच्या खाचेत मावेना आणि दोन्ही कडांना घासायची. सहा वर्षं विमला जे ओढत होती त्यातलं निम्मं मशीन नव्हतंच. ते खोबरेल होतं.

"ह्याच्यापायी माजे खांदे गेले," ती म्हणाली.

"खोबरेल चांगलं असतं," भास्कर पुटपुटला.

स्प्रिंग मोडली होती ती अगदी टोकाला, जिथे तिची आकडी टोपणाच्या खिळ्यात अडकते तिथे. उरलेली पट्टी शाबूत होती. वर्कशॉपातल्या बापाची लेक ती. पट्टीचं टोक चुलीतल्या निखाऱ्यात लाल केलं, राखेत घालून सावकाश निवू दिलं आणि पकडीने वाकवून नवी आकडी केली. घाईत गार पाण्यात बुचकळलं असतं तर वाकवताना पुन्हा मोडलं असतं. सगळी पट्टी रॉकेलात घासून काढली. मग आली खरी कसरत. ती लांबलचक पट्टी बाहेरून आत, एकेक वेटोळं दाबत, टोपणात परत बसवायची. दोनदा उसळली. एकदा बोट कापलं. भास्कर तिच्या खांद्यावरून वाकून सांगत होता, "दाब... सोडू नकोस... अंगठा, अंगठा ठेव", आणि त्याचा श्वास तिच्यापेक्षा जास्त फुललेला. तिसऱ्यांदा बसली. विमलाने वर बघितलं तर भास्करच्या डोळ्यांत कौतुक होतं, अगदी उघड उघड. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या दुपारी तिला फार बरं वाटलं. किती तरी दिवसांनी दोघं एका कामावर वाकली होती.

खोबरेलाऐवजी चिमूटभर ग्रीस. बारीक, घट्ट विणीची दोरी, तिचं टोक जाळून गाठ मारलेलं. पुलीला वळसे, स्प्रिंगला बेताचा ताण, दाताला एक थेंब ऑइल. टोपण बसवलं. मशीनच्या खालचा पंखा बुडेल असं निळं पिंप पाण्याने भरून त्याखाली ओढलं. विमलाने मूठ धरून नुसती हळू ओढली आणि सोडली. सुर्रकन दोरी आत गेली. ती हसली. इतकी हलकी!

"आता तुमी," ती म्हणाली. "डाव्या हातानं."

भास्करने डाव्या हाताने मूठ धरली. ओढली. दोरी अर्धी आली, चाक जेमतेम वळलं. पुन्हा ओढली, तसंच. "नाय जमत गो," तो म्हणाला. "डाव्यात जोरच नाय."

याहून हलकी दोरी विमला कुठून आणणार होती? तिला दीपालीचा परवाचा आवाज ऐकू आला. "थांबा," ती म्हणाली. "मशीन गार हाय. एकदा लागलं, गरम झालं की मग बघा जमतंय का." तिने ग्रीसने माखलेल्या हाताने मूठ धरली आणि सगळा राग, सगळी आशा त्या झटक्यात घातली.

मशीन खोकललं. आणि मूठ तिच्या ग्रीसच्या हातातून सटकली.

दुसरा ओढा द्यायला हवा होता. लगेच. ती मूठ पकडायला वळेपर्यंत भास्कर पुढे झेपावला होता. त्याने मूठ धरली आणि खेचली. हात कमरेवरून, छातीवरून, खांद्यावरून पार कानामागे गेला. मशीन धडधडून लागलं. पिंपातलं पाणी उसळलं, माडाखाली निळा धूर पसरला.

"लागलं!" विमला ओरडली. भास्करही हसत होता. मग तिने बघितलं की हसणाऱ्या भास्करचा हात अजून वर आहे, मूठ धरलेला, डोक्याच्याही वर. आणि तो उजवा हात आहे.

तिचं हसू मावळलं, ते बघता बघता त्याचंही गेलं. त्याने मूठ सोडली. दोरी आत गेली. आणि मग त्याने काय करावं? तो हात हळूहळू खाली आणला, कोपरात दुमडला आणि पोटाशी नेऊन ठेवला. सहा वर्षं असायचा तिथेच.

विमलाने मशीन बंद केलं. एवढं शांत झालं की गडग्यापलीकडे गोदूबाई सुपात काहीतरी पाखडत होती ते ऐकू येऊ लागलं.

"कदीपासनं?" विमलाने विचारलं.

भास्करने पोटाशी ठेवलेला हात डाव्या हाताने झाकला.

"मी विचारत्ये, हात कदीपासनं बरा हाय?"

"दुसऱ्या पावसाळ्यानंतर सुटला तो. हळूहळू."

विमलाने मनातल्या मनात वर्षं मोजली. मोजायचीही गरज नव्हती. "माजी आय गेली तवा वर जात होता?"

त्याने खाली बघितलं.

"भास्कर!" सबंध संसारात तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. "आय गेली तवा हात वर जात होता?"

"जात होता."

तिने पिंपाची कड घट्ट धरली. तिला रडू यायला हवं होतं. रडू आलं नाही, राग आला, आणि तो इतका मोठा होता की तोंडात मावेना.

"तू गेली असतीस," भास्कर म्हणाला. "पयल्यांदा म्हयनाभर म्हनून जायचं. मग नातवाचं बारसं, मग त्याची शाळा. ह्या वाडीतल्या किती बायका परत आल्या? सांग. समोरची घरं बघ. सगळ्यांना कुलपं. हात सुटला तवा सांगनार होतो. उद्या सांगू, उद्या सांगू. सकाळी तू पान्यात येऊन उभी ऱ्हायचीस. मला वाटायचं, हाय. अजून हाय."

"म्हनून बांधून घातलीत?"

"बांधलं कुठं गो? नुसतं सांगितलं नाय."

विमला घरात गेली. तिने चूल पेटवली, भात टाकला, मुडदुशा मासळीचं कालवण केलं. सवयीचे हात, ते थांबत नाहीत. ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं आणि स्वतः न जेवता ओव्याची, डिंकाची बोचकी पिशवीत भरू लागली. त्याचं भय तिला कळत नव्हतं असं नाही. कुलूपबंद घरांची भीती तिलाही वाटायची. पण आईचं बोट तिने स्वतःच्या हाताने सोडवलं होतं, आणि ते कशासाठी, तर या धडधाकट माणसाला शर्ट घालायला. हे एका भयात मावणारं नव्हतं. तिने जावयाला फोन लावला आणि सांगितलं, उद्या बोरिवलीच्या गाडीने निघते, उतरवून घ्यायला या.

दुसऱ्या दिवशी भरती उन्हं वर आल्यावर होती. भास्करने मशीन काठावर नेलं आणि होडीला लावलं. शर्ट त्याचा त्यानेच घातला होता. वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. होडीत बसून त्याने घराकडे बघितलं. हाक मारावी की नाही ते त्याला कळत नव्हतं.

विमला आली. ठेवणीतली साडी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला. सवयीप्रमाणे ती पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. भास्करचा चेहरा जरा सैलावला. पण ती मशीनकडे गेलीच नाही. तिने पिशवी होडीत ठेवली, काठ धरला, आणि एक पाय उचलून आत टाकला.

"अगो, अगो! होडीत कुटं?" काठावरून गोदूबाई किंचाळली. तिच्या मागे आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"इतकी वर्सं हात चालला," विमला म्हणाली, "आता पाय पन चालंल."

होडी डुचमळली. तिला भीती वाटली, पण ती मधल्या फळीवर बसली, भास्करकडे तोंड करून, पिशवी मांडीवर घेऊन. "मला पलीकडं सोडा. एसटी चुकंल."

भास्करने दोरीकडे बघितलं. मग काठावरच्या बायकांकडे. त्याने डावा हात मुठीकडे नेला. विमला नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने डावा हात मागे घेतला, उजव्या हाताने मूठ धरली, दात लागू दिला आणि सगळ्या वाडीदेखत झटका दिला. हात कानामागे गेला. मशीन पहिल्याच ओढ्याला लागलं.

काठावर गोदूबाईने पदर तोंडाला लावला.

खाडी ओलांडायला कितीसा वेळ लागतो! पण तेवढ्यात विमलाने आपलं घर पाण्यावरून पहिल्यांदा बघितलं. ते लहान होतं, आणि त्याच्या पुढ्यातलं ती रोज उभी राहायची ते पाणी त्याहून लहान. पलीकडच्या धक्क्याला होडी लागली. भास्करने मशीन न्यूट्रलला टाकलं आणि तिची पिशवी उचलून वर ठेवली, उजव्याच हाताने. ती धक्क्यावर चढली, चपला पायात सरकवल्या. वर रस्त्यावर एसटी वळण घेत होती.

"विमल," तो म्हणाला. डोळे भरले होते त्याचे, आणि ते त्याने लपवलेही नाहीत. "परत कदी येशील?"

विमलाने पिशवी खांद्याला लावली.

"हात बरा झाला," ती म्हणाली, "की फोन करा."